‘मी काहीच केलं नाही, सगळं प्रभूनं केलं’ म्हणजे नेमकं काय?

दहावी-बारावीचे निकाल लागले की पुढच्या रविवारी पुण्यातल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये साक्षीची, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सर्वांसमोर सांगायची, वेळ हमखास लांबते. मुलं एकामागून एक पुढे येतात, माइक हातात घेतात, ‘सर्वांना जय ख्रिस्त’ म्हणतात आणि मग ठरलेलं वाक्य येतं : ‘मी काहीच केलं नाही, सगळं प्रभूनं केलं.’ मंडळी ‘आमेन’ म्हणते. मागच्या बाकावरच्या आईला मात्र वर्षभराचे क्लास, पहाटेचे गजर, मोबाइल काढून घेतल्यावरची भांडणं आणि हप्त्याहप्त्यानं भरलेली फी आठवत असते. तीही ‘आमेन’ म्हणते, अगदी मनापासून. पण घरी जाताना स्कूटरवर मागून विचारते, ‘काहीच केलं नाहीस काय रे?’

आईचा प्रश्न थट्टेचा वाटला तरी वजनदार आहे. मुलानं काहीच केलं नसेल, तर वर्षभर अभ्यासिकेत जाऊन बसत होतं कोण? आणि त्यानंच केलं असेल, तर प्रभूनं काय केलं? देवाला श्रेय द्यायचं हे ख्रिस्ती माणसाला लहानपणापासून शिकवलं जातं. ते द्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे फारसं कोणी उलगडून सांगत नाही. मग वाक्य पाठ होतं आणि अर्थ अंधारात राहतो.

आपली पहिली ओढ हिशोब मांडण्याकडे असते. कॉलेजची पोरं हॉटेलचं बिल टीटीएमएम करतात, म्हणजे तुझं तू, माझं मी. यशाचं बिलही असंच दोघांत वाटायचं असतं, असं आपण धरून चालतो. अभ्यास माझा, स्मरणशक्ती देवाची. मुलाखत मी दिली, साहेबांचा मूड देवानं चांगला ठेवला. या हिशोबात देवाचा वाटा वाढवायचा तर माझा कमी करावाच लागतो. म्हणून भाविक माणूस स्वतःचा वाटा शून्यावर आणतो. प्रामाणिक माणूस साठ-चाळीसवर अडून बसतो. ज्याचा विश्वास पातळ झालाय तो म्हणतो, सगळं बिल मीच भरलंय. तिघांची उत्तरं वेगळी, पण गणित एकच. आणि पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, हे गणित मांडायलाच तयार नाही.

प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, पंधराव्या अध्यायाच्या दहाव्या वचनात, स्वतःविषयी काय म्हणतो ते पाहा. जो काही मी आहे तो देवाच्या कृपेनं आहे, इथून तो सुरुवात करतो. पुढे लगेच म्हणतो, इतर सर्व प्रेषितांपेक्षा मी जास्त श्रम केले. हे वाचून आपण जरा दचकतो, कारण आपल्याकडे व्यासपीठावरून असं कोणी बोललं तर बाकाबाकांवर कुजबुज सुरू होईल. आणि मग पौल म्हणतो, ते मी केले असं नाही, तर माझ्याबरोबर असलेल्या कृपेनं केले. एकाच वाक्यात ‘मी केले’ही आहे आणि ‘मी नाही’ही आहे. दोन्ही पूर्ण. टक्के कुठेच नाहीत. फिलिप्पैच्या पत्रात तर तो याहून रोखठोक आहे : तुम्ही भीत व कापत आपलं तारण साधून घ्या, कारण तुमच्या ठायी इच्छा आणि कृती दोन्ही घडवणारा देव आहे. आपण असतो तर तिथे ‘पण’ घातला असता. पौलानं ‘कारण’ घातला. देव काम करतोय म्हणून तू बस, असं तो म्हणत नाही. देव काम करतोय म्हणून तू कर, असं म्हणतो.

याचा कणा एका गोष्टीत आहे : देव हा कामावरचा आणखी एक गडी नाही. दोन गडी एक पोतं उचलतात तेव्हा एकानं जास्त जोर लावला की दुसऱ्याचा हलका होतो. देव आणि माणूस यांचं नातं तसं असतं, तर टीटीएमएम बरोबर ठरलं असतं. पण ख्रिस्ती शिकवणीत देव म्हणजे ज्याच्यामुळे तो गडी मुळात आहे, त्याच्या हातात बळ आहे आणि पोतं उचलावंसं त्याला वाटलं, तो. तो माणसाच्या शेजारी उभा राहून नव्हे, माणसाच्या आतून काम करतो. त्यामुळे देवानं जास्त केलं की माणसाचं कमी होत नाही. उलट देव जितका काम करतो, तितका माणूस खऱ्या अर्थानं स्वतः काम करू लागतो.

पौलानं गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात पवित्र आत्म्याच्या फळाची यादी आहे : प्रीती, आनंद, शांती असं करत शेवटी इंद्रियदमन येतं. इंद्रियदमन म्हणजे तर माणसानं स्वतःच स्वतःला आवरणं. ते फळ मात्र आत्म्याचं. व्यसन सुटलेल्या माणसाची साक्ष आपल्या मंडळ्यांमध्ये नवी नाही. ‘प्रभूनं मला दारूतून सोडवलं,’ तो म्हणतो, आणि ते खरंच असतं. पण त्याच्या बायकोला विचारा. पगाराच्या दिवशी तो जुन्या रस्त्यानं येत नाही, लांबून वळसा घालून येतो. पाकीट आधी तिच्या हातात देतो. जुन्या मित्राचा फोन आला की बाहेर जाऊन बोलत नाही, घरातच सगळ्यांसमोर बोलतो. व्यसनमुक्तीच्या बैठकीला पाऊस असो की ऊन, जातो. यातलं प्रत्येक पाऊल त्यानं स्वतः, दात-ओठ खाऊन टाकलेलं आहे. आणि दहा वर्षं जे जमलं नव्हतं ते आता का जमतंय, याचं उत्तर त्याच्याकडे एकच आहे. तो खोटं बोलत नाही. त्याला फक्त ही दोन्ही सत्यं एका दमात कशी सांगायची हे कोणी शिकवलेलं नाही, म्हणून तो सोपं वाक्य घेतो आणि वळसा घालून येण्याची गोष्ट गाळून टाकतो. माझ्या मते हेच मोठं नुकसान आहे. त्याच बाकांवर बसलेला दुसरा एखादा माणूस, जो रोज हरतोय, त्याला नेमका तो वळशाचा रस्ता ऐकायला हवा होता.

दोन्ही सत्यं एकत्र कशी सांगायची याचा नमुना हवा असेल तर जुन्या करारातलं नहेम्याचं पुस्तक उघडावं. यरुशलेमची तट पडलेली होती, वेशी जळालेल्या होत्या. नहेम्या पारसच्या, म्हणजे इराणच्या, राजाला पेला भरून देणारा सेवक. तो सुट्टी काढून येतो आणि तट बांधून घेतो. पुस्तकाचा तिसरा अध्याय वाचताना बहुतेक जण पानं उलटतात, कारण तिथे नुसती नावं आहेत : अमक्यानं इथून इथपर्यंत डागडुजी केली, त्याच्या शेजारी तमक्यानं. जरा थांबून वाचलं तर गंमत कळते. एक सोनार आहे, त्याच्या शेजारी सुगंधी द्रव्यं करणारा आहे. दोघांच्याही हातांना दगडाची सवय नाही. यरुशलेमच्या अर्ध्या भागाचा अधिकारी शल्लूम आहे, आणि त्याच्या मुलीही कामाला आहेत, तशी स्पष्ट नोंद आहे. तकोवा गावच्या लोकांविषयी तर लिहिलंय की, त्यांच्या बड्या मंडळींनी कामाला मान वाकवली नाही. पण त्याच गावच्या साध्या लोकांनी आपला भाग पूर्ण करून आणखी एक भाग बांधला, तेही खाली नोंदलंय. पुढे शत्रू चालून येण्याच्या बातम्या येतात, तेव्हा नहेम्या लिहितो की आम्ही देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहारा बसवला. प्रार्थना केली म्हणून पहारा उठवला नाही.

तट ५२ दिवसांत पुरी झाली. सहाव्या अध्यायात नहेम्या सांगतो की, आसपासच्या राष्ट्रांची हिंमत खचली, कारण हे काम आपल्या देवाकडून झालं हे त्यांना कळून चुकलं. आता तिसरा आणि सहावा अध्याय शेजारी शेजारी ठेवा. एकात प्रत्येक हाताचं नाव, कामचुकारांसकट. दुसऱ्यात एकच नाव, देवाचं. नहेम्याला यात विसंगती वाटली नाही. सोनाराचं नाव खोडल्यानं देवाचा गौरव वाढेल, असं त्याच्या मनातही आलं नाही.

हे सगळं मराठी कानांना अगदी परकं नाही. देहूचे तुकोबा आपल्या अभंगांचं श्रेय पांडुरंगाला देतात. बोलणारा तो, मी नुसती वाचा, असं म्हणतात. तरी अभंग तुकोबांचेच आहेत आणि त्यांच्याशिवाय दुसऱ्या कोणाला ते जमले नसते. हे मराठी माणूस न अडखळता मान्य करतो. रेव्हरंड नारायण वामन टिळकांसारख्या कवीला ख्रिस्ताची भक्ती अभंगात गाताना अवघड गेलं नाही, त्यामागे हेच वळण असणार. अडचण तिथे येते जिथे ‘कर्ता करविता तोच’ याचा आपण हात झटकायला उपयोग करतो. ‘त्याच्या मनात असेल तर होईल’ म्हणून फॉर्म भरायचाच राहतो.

चर्चच्या इतिहासात या प्रश्नावर मोठं भांडण झालेलं आहे आणि ते समजून घेण्यासारखं आहे. इसवी सन ४०० च्या सुमारास रोममध्ये पेलागियस नावाचा ब्रिटनहून आलेला एक तपस्वी होता. माणूस वाईट नव्हता. ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांचं ढिलं वागणं पाहून त्याला चीड यायची. उत्तर आफ्रिकेतले बिशप ऑगस्टिन यांची एक प्रार्थना त्याच्या कानावर आली. तिचा आशय असा की, देवा, तू जी आज्ञा करतोस ती पाळण्याचं बळही तूच दे, मग हवी ती आज्ञा कर. पेलागियस भडकला. देव आज्ञा करतो याचा अर्थ माणसात ती पाळण्याची ताकद आधीच आहे. असं रडगाणं लावलं तर प्रत्येक जण ‘मला बळच मिळालं नाही’ म्हणून मोकळा होईल, असं त्याचं म्हणणं. क्लासचा कडक सर बोलावा तसं. ऑगस्टिनचं उत्तर स्वतःच्या आयुष्यातून आलेलं होतं. तरुणपणी वासनेपुढे वर्षानुवर्षं हरलेला तो माणूस. ‘इच्छा कर, जमेल’ हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. इच्छाच फाटलेली होती, तिचं काय करायचं हा त्याचा प्रश्न होता. कृपा आधी त्या इच्छेलाच बरं करते, असं तो म्हणाला. ४१८ साली कार्थेजच्या धर्मसभेनं पेलागियसची शिकवण नाकारली.

ऑगस्टिननं एका पत्रात असा विचार मांडलाय की, देव आपल्या पुण्याईला मुकुट घालतो तेव्हा तो स्वतःच्याच देणग्यांना मुकुट घालत असतो. यात मुकुट रद्द झालेला नाही. डोकं माणसाचंच आहे, मुकुट खरा आहे, आणि ज्यासाठी तो मिळतो ते देवाचं देणं आहे. पुढे सोळाव्या शतकात पुण्याई या गोष्टीवरून कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वेगळे झाले, ते अजून अनेक बाबतींत वेगळेच आहेत. पण ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या आउग्सबुर्गला लुथरन (प्रोटेस्टंटांतला एक मोठा पंथ) आणि कॅथलिक प्रतिनिधींनी एका संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. देव आपल्याला स्वीकारतो ते आपल्या कोणत्याही पुण्याईमुळे नव्हे, निव्वळ कृपेनं, एवढं त्यांनी एकमुखानं सांगितलं. कॅम्पातल्या कॅथलिक आजी आणि पंचहौदच्या शेजारचे प्रोटेस्टंट काका या मुद्द्यावर भांडत असतील, तर ते जुन्या बातम्यांवर भांडतायत.

आता एक खवचट प्रश्न. गायनवृंदातल्या ताईंना उपासनेनंतर कोणी म्हणतं, ‘ताई, आज फार छान गायलात.’ ताई हात जोडतात : ‘मी कुठली हो, प्रभूनंच गायलं.’ ठीक. मग तिसऱ्या कडव्यात सूर घसरला तो कोणाचा?

हसू येतं, पण तर्क सरळ आहे. चांगलं सगळं देवाचं आणि बिघडलेलं सगळं माझं, ही वाटणी अन्यायाची नाही का? याकोबाचं पत्र मात्र हीच वाटणी करतं : प्रत्येक उत्तम देणगी वरून येते, आणि मोहात पडलेल्यानं ‘देवानं मला मोहात घातलं’ असं म्हणू नये. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी यावर लंगड्याचं उदाहरण दिलं. लंगडत चालणाऱ्या माणसाच्या चालण्यात जी गती आहे ती त्याच्यातल्या चालण्याच्या शक्तीची. जो वाकडेपणा आहे तो पायाच्या व्यंगाचा. शक्ती नसती तर तो लंगडलाही नसता, तरी लंगडणं शक्तीच्या माथी मारता येत नाही. ताईंचा गळा, श्वास, कान, गाण्याची आवड, हे सगळं देणं. घसरलेला सूर रियाज न केल्याचा. आणि चांगला लागलेला सूर? तो ताईंचा रियाज आणि देवाचं देणं, दोन्ही पूर्ण. म्हणून ताईंनी ‘थँक यू, या आठवड्यात जरा बसले होते पेटी घेऊन’ म्हटलं तर आकाश कोसळत नाही. देवाचे आभार त्यांनी घरी गुडघ्यावर मानावेत. येशूच्या एका दाखल्यात, म्हणजे बोधकथेत, धनी परत येतो तेव्हा दासाला ‘शाबास, भल्या व विश्वासू दासा’ म्हणतो. दास त्यावर ‘छे छे, मी काहीच केलं नाही’ असं पुटपुटताना दिसत नाही.

स्तुती स्वीकारणं आणि स्तुती गिळून टाकणं यांत फरक आहे, तो हेरोद अग्रिप्पाच्या मृत्यूत दिसतो. इसवी सन ४४ च्या सुमारास कैसरिया शहरात तो राजवस्त्रं घालून भाषणाला बसला. लोक ओरडले, ही देवाची वाणी आहे, माणसाची नव्हे. त्यानं देवाला गौरव दिला नाही, म्हणून त्याला शासन झालं, असं प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात आहे. यहुदी इतिहासकार योसेफसही हा प्रसंग सांगतो. राजाचा झगा चांदीच्या तारांचा होता आणि सकाळच्या उन्हात झळाळत होता, आणि स्तुती ऐकून त्यानं लोकांना अडवलं नाही, असं तो लिहितो. हेरोदाचा गुन्हा ‘थँक यू’ म्हणण्याचा नव्हता. लोक त्याला देव म्हणत होते आणि तो गप्प बसला.

पण खरा अवघड भाग अजून पुढेच आहे. योग्य शब्द तोंडात असले म्हणजे झालं, असं आपण समजतो. लूकच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात मंदिरात प्रार्थनेला आलेले दोघे आहेत, एक परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा यहुदी, आणि एक लोकांच्या तिरस्काराचा जकातदार. परूश्याचं पहिलं वाक्य पुन्हा वाचा : ‘हे देवा, मी तुझे आभार मानतो.’ तो श्रेय देवालाच देतोय! मी स्वतःच्या बळावर चांगला झालो, असं तो कुठेही म्हणत नाही. तरी नीतिमान ठरून घरी गेला तो जकातदार. परूश्याचं चुकलं कुठे? त्याच्या आभारांची दुसरी बाजू शेजारच्या माणसाकडे बघत होती : मी या जकातदारासारखा नाही म्हणून आभार. देवाचं नाव घेऊन त्यानं स्वतःचीच मापं काढली.

जुन्या करारातल्या गिदोनाची, मिद्यानी शत्रूंशी लढलेल्या इस्राएलाच्या पुढाऱ्याची, गोष्ट संडे स्कूलमध्ये अर्ध्यावर सोडतात. ३२ हजार माणसं होती. ‘माझ्याच हातानं मी सुटलो’ अशी फुशारकी इस्राएलानं मारू नये म्हणून देवानं ती आधी १० हजारांवर आणि मग ३०० वर आणली. घडे फुटले, मशाली दिसल्या, मिद्यानी पळाले. मुलं टाळ्या वाजवतात, तास संपतो. पुढचा अध्याय मोठ्यांनी वाचावा. लोक गिदोनाला म्हणतात, आमच्यावर राज्य कर. तो बाणेदार उत्तर देतो : मी नाही, माझा मुलगाही नाही, परमेश्वर तुमच्यावर राज्य करील. साक्षीच्या व्यासपीठावर शोभेल असं वाक्य. आणि पुढच्याच वचनात म्हणतो, तरी एक मागणं आहे, लुटीतली कानातली कुंडलं तेवढी द्या. १,७०० शेकेल सोनं जमलं. त्याचं त्यानं एफोद, म्हणजे याजकाच्या पवित्र वस्त्रासारखी वस्तू, केलं, ते आपल्या गावात ठेवलं, आणि सगळा इस्राएल त्याच्या नादी लागला. वाक्य देवाचं, सोनं गिदोनाचं.

आपल्याकडे सोन्याचं एफोद नाही, पण चर्चच्या पंख्याकडे मान वर करून कधी पाहिलंय का? पात्यावर लाल रंगात ‘देवाच्या गौरवार्थ’ हे बारीक, आणि देणाऱ्या कुटुंबाचं नाव ठळक. पंखा सुरू असताना दोन्ही वाचता येत नाही, हे एक बरं. हार्वेस्ट फेस्टिव्हलच्या, म्हणजे चर्चच्या हंगामाच्या सणाच्या, लिलावात एखादी पपई हजाराच्या वर जाते तेव्हा बोली नक्की प्रभूसाठी लागतेय की पलीकडच्या कुटुंबासाठी, हे बोली लावणाऱ्यालाही दर वेळी कळत असेल असं नाही. पंखा काढून टाका असं माझं म्हणणं नाही. उन्हाळ्यात तो लागतो.

आता पुन्हा निकालाकडे, कारण त्यातली सगळ्यात दुखरी बाजू राहिलीय. पास झालेल्या मुलाची साक्ष चालू असताना तिसऱ्या रांगेत एक मुलगी बसलेली असते. तिनंही तेवढीच प्रार्थना केली, तिच्यासाठीही महिला मंडळानं उपवास धरला, आणि एमपीएससीचा कट-ऑफ दोन मार्कांनी हुकला. ‘प्रभूनं मला यश दिलं, कारण मी त्याच्यावर भरवसा ठेवला,’ असं वाक्य कानावर पडतं तेव्हा तिनं त्यातून काय घ्यायचं? तिचा भरवसा कमी पडला? हिंजवडीत नोकरी लागलेल्याची साक्ष होते, त्याच आठवड्यात नोकरी गेलेला त्याचा चुलतभाऊ त्या रविवारी येतच नाही.

इथे इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय कामी येतो. विश्वासवीरांची यादी म्हणून तो प्रसिद्ध आहे. चौतिसाव्या वचनात विश्वासानं तलवारीच्या धारेतून निसटलेले लोक आहेत. सदतिसाव्या वचनात तलवारीनं मारले गेलेले लोक आहेत. मध्ये तीन वचनांचं अंतर, आणि विश्वास दोघांचाही तोच. यावरून मला तरी एवढं कळतं की, यशाबद्दल देवाचे आभार मानणं एक, आणि यश हा देवाच्या पसंतीचा दाखला म्हणून फडकावणं दुसरं. पहिल्यात ‘कारण मी’ हे शब्द येत नाहीत. साक्ष देणाऱ्या मुलानं आभार मानावेत, अभ्यास कसा केला ते सांगावं, कोणी शिकवलं ते सांगावं, आणि ‘कारण मी’ तेवढं गाळावं. तिसऱ्या रांगेतली मुलगी मान वर करून ऐकू शकेल.

कोणी शिकवलं ते सांगावं, हे मुद्दाम म्हटलं. ‘तुला दिलेलं नाही असं तुझ्याजवळ काय आहे?’ असं पौल करिंथकरांना विचारतो. देणारा देव खरा, पण देणं बहुतेक वेळा कोणाच्या तरी हातातून आपल्यापर्यंत येतं. पुण्याहून सोलापूरच्या रेल्वेमार्गावर केडगाव लागतं. तिथलं मुक्ती मिशन पंडिता रमाबाईंनी उभं केलं. १८५८ सालचा जन्म; संस्कृतवर असं प्रभुत्व की कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ ही पदवी दिली. ती विद्या आली कुठून? वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा रोष पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं होतं, आणि त्या आईनं, लक्ष्मीबाईंनी, पहाटे उठवून मुलीला. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन ही विधवांसाठीची त्यांची शाळा निघाली, पुढच्या वर्षी ती पुण्यात आली. पैसा उभा राहिला तो १८८७ साली बॉस्टनमध्ये स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनच्या मदतीनं. दुष्काळात शेकडो मुली-बायका केडगावला आल्या, तिथला छापखाना बायकांनीच चालवला. हिब्रू आणि ग्रीक शिकून रमाबाईंनी सगळं बायबल मराठीत आणलं. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, आणि ते भाषांतर १९२४ मध्ये त्याच छापखान्यातून बाहेर पडलं. पुरवठा देवाचा आहे, अशी त्यांची ठाम श्रद्धा होती. आणि आपल्याला ख्रिस्ताकडे वळवण्यात फादर नेहेम्या गोऱ्हे यांचा किती वाटा होता, हेही त्यांनी मोकळेपणानं लिहून ठेवलं. देवाला श्रेय देताना माणसांची नावं गिळायची नसतात, हे त्यांना वेगळं शिकवावं लागलं नसावं.

पौलालाही नाही. रोमकरांस पत्रात ‘अभिमानाला जागा कुठे? ती बंद झाली’ असं तो तिसऱ्या अध्यायात बजावतो. तेच पत्र सोळाव्या अध्यायात नावांनी भरून वाहतं : फिबी जिनं अनेकांना मदत केली, प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला ज्यांनी त्याच्यासाठी मान धोक्यात घातली, पर्सिस जिनं प्रभूमध्ये फार श्रम केले. आणि मध्येच, बाविसाव्या वचनात, एक वेगळाच आवाज येतो : मी तर्तिय, ज्यानं हे पत्र लिहून घेतलं, तुम्हाला सलाम सांगतो. पौल सांगत होता आणि तर्तिय लिहून घेत होता. अभिमान बंद म्हणणाऱ्या पत्रात लेखनिकानं स्वतःचं नाव घातलं, आणि पौलानं ते खोडायला लावलं नाही.

आपल्या मंडळीच्या वार्षिक अहवालात ‘देवाच्या कृपेने हॉलचे काम पूर्ण झाले’ अशी एक ओळ असते आणि पुढचा विषय सुरू होतो. त्या ओळीखाली गवंड्याचं, वायरमनचं आणि दर रविवारी बांधकाम फंडाची पाकिटं उघडून वहीत टिपणाऱ्या मावशींचं नाव घालायला हरकत नसावी. अहवाल पानभर वाढेल, आणि खजिनदार छपाईच्या खर्चाची तक्रार करतील.